मुखरूनं आणलेली पुस्तकं

लटारू शिंप्याच्या मशीनजवळ पाटावर पुस्तकांची थप्पी होती, आणि ती काही केल्या कमी होत नव्हती. एक वाचून बाजूला ठेवावं तर दोन नवी येऊन पडत. पायजम्याला नेफा घालता घालता लटारूची नजर तिकडे जायची. आज कोणतं उचलावं? ‘तलवार आणि तुळस’ घ्यावं, की ‘सरदाराची सून’? की ते लाल पुठ्ठ्याचं, ज्याचं अर्धं नाव उंदरानं खाल्लं होतं? कोणाला पोरीच्या लग्नाचा घोर असतो, कोणाला बोडीतलं, म्हणजे गावतळ्यातलं, पाणी धानाला पुरेल का याचा असतो. या बाबाला पोळा सरल्यापासून एकच घोर, की पुढचं पुस्तक कोणतं वाचू! गावातली माणसं येता-जाता त्याच्याकडे पाहून हसायची, आणि लटारूला वाटायचं की ती पुस्तकांना हसतात.

आमचा चांदा जिल्हा ज्या साली मध्यप्रदेशातून उचलून मुंबई राज्यात टाकला, त्या सालची ही गोष्ट. सावरटोला हे वैनगंगेच्या अंगाचं गाव. पुढे धानाची बांधी, मागे जंगल. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, पाहुणेरावळे, जिलेबीची दुकानं, आणि जेवणं उरकली की नाटक. नाटक नाही ती मंडई कसली! पोरीबाळी माहेरी येतात त्या आईबापासाठी येतात असं म्हणतात खऱ्या, पण नाटक नसेल तर किती येतील ते देव जाणे.

सावरटोल्याच्या नाटक मंडळात नायिका एकच, लटारू. बाईचं काम बाईनं करायचं ही गोष्ट तोवर आमच्या गावात कधी झाली नव्हती. मिसरूड फुटायच्या आधी त्याला पहिलं लुगडं नेसवलं होतं, तेव्हापासून त्यानं मिशी ठेवली नाही. चाळिशी आली तरी आवाज तसाच, गोड आणि भरलेला. समोर नायक म्हणून मुखरू. मुखरू उंचापुरा, छातीचा कोट, आणि बोलायला लागला की मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यालाही ऐकू जाईल असा आवाज. दोघं एका वयाचे, एका शाळेत चौथीपर्यंत शिकलेले. स्टेजवर हे दोघं नवरा-बायको झाले की बायका पदर डोळ्यांना लावायच्या. लटारूची खरी बायको सुगंधाबाई म्हणायची, “माह्याशी एवढं गोड कधी बोलले नाई तुमी, जेवढं त्या मुखरूशी बोलता.” आणि लटारू लाजायचा, खरंच लाजायचा.

मंडळाचा एक रिवाज होता. नवं पुस्तक आलं की पहिल्यांदा ते नायिकेनं वाचायचं. दुसऱ्या कोणी पान उघडायचं नाही. नायिकेला रडू आलं तर गावाला येईल, असा हिशेब. मग लटारूनं गुणवंतरावांच्या ओसरीवर बसून गोष्ट सांगायची आणि ऐकणाऱ्यांची तोंडं पाहून नाटक ठरायचं. गुणवंतराव मंडळाचे मालक. मालगुजारी गेली होती, पण पडदे, तलवारी आणि गॅसबत्त्या त्यांच्याच घरी होत्या, त्यामुळे मालकी काही गेली नव्हती.

दरवर्षी पुस्तकं येऊन येऊन किती येणार? एक, फार तर दोन. मुखरू तांदळाच्या गाड्या घेऊन वडशाच्या स्टेशनावर जायचा. तिथे जुन्या पुस्तकांचा एक दुकानदार बसायचा, त्याच्याकडून तो नाटक उचलून आणायचा. त्या वर्षी पोळ्यानंतर त्यानं ‘उंबरठ्याची आण’ आणलं. लटारूनं ते एका बैठकीत संपवलं. मशीनवर कोणाची तरी बंडी अर्धी शिवलेली तशीच पडून राहिली. त्यातली कुमुदिनी नवऱ्यानं संशयावरून घराबाहेर काढलेली असते. वर्षांनी तोच नवरा हात जोडून तिला आत बोलावतो, आणि ती उंबरठ्यापर्यंत येते, पण आत पाऊल टाकत नाही. बस्, एवढंच. पण काय भाषण आहे शेवटी! लटारूच्या अंगावर काटा आला. सुगंधाबाई चुलीपुढून उठून आली, तर हा भिंतीला टेकून रडत होता.

“मेलं कोण?” तिनं विचारलं.

“कोणी नाई मेलं. हे माह्यं काम आहे,” लटारू म्हणाला. “अशी भूमिका जन्मात एकदा भेटते, सुगंधा.”

ओसरीवर त्यानं ती गोष्ट सांगितली तेव्हा गुणवंतरावांनी चष्मा काढून पुसला.  आता ठरलंच, असं लटारूला वाटलं. तेवढ्यात मुखरू म्हणाला, “चांगलं आहे. पण घाई काऊन? अजून दोनचार पाहून घेऊ.” आणि ते पुस्तक त्यानं आपल्या पिशवीत टाकलं.

पाहू म्हणाला तर पाहू. मुखरूच्या शब्दाबाहेर लटारू कधी गेला नव्हता. पुढच्या खेपेला मुखरूनं तीन पुस्तकं आणली. त्याच्या पुढच्या खेपेला आणखी. लटारू वाचायचा, मुखरू दारात आला की त्याला गोष्ट सांगायचा, आणि मुखरू नाक मुरडायचा. एकात राजे फार, मुकुट कुठून आणायचे? दुसऱ्यात नायिका नावेतून येते, स्टेजवर नाव कशी चालवायची? तिसऱ्यात घोडा होता. “घोडा राहू दे, त्याचं बोलणं काढून टाकू,” असं लटारू गमतीनं म्हणाला, तरी मुखरू हसला नाही. “याच्यात दम नाई गा. हे घे, हे दोन वाच,” म्हणाला आणि गाडी हाकून गेला.

आता थप्पी वाढली तशी लटारूची पंचाईत झाली. दिवाळी जवळ येत चाललेली. गावाचे कपडे अंगावर, म्हणजे शिवायचे हो, अंगावर काम म्हणून. वाचायला मिळणार दिवसातून थोडका वेळ. त्यात चुकीचं पुस्तक हाती घेतलं तर गेले चार दिवस वाया! आणि तालमीला निदान आठवडा तरी पाहिजे. पूर्वी एकदा वाचलं की भाषण तोंडी बसायचं. आता तसं राहिलं नव्हतं, हे त्याचं त्याला कळत होतं. गालही थोडे उतरले होते. अजून एक-दोन मंडया, मग संपलंच, हेही त्याला कळत होतं. म्हणून त्याला या वर्षी काम जीव तोडून करायचं होतं, आणि जीव तोडावा असं काम त्याला पाहिजे होतं.

मग त्यानं निवडायची एक रीत काढली. पहिलं पान पाहायचं नाही. शेवट तर मुळीच नाही, तो नियमच. पुस्तक मधेच कुठेतरी उघडायचं, नायिकेचं एक वाक्य शोधायचं आणि हळूच तोंडातल्या तोंडात म्हणून पाहायचं. दंडावर काटा आला तर पुस्तक थप्पीच्या वर, नाही आला तर खाली. एकदा असाच तो “नाथ, मला टाकून जाऊ नका” म्हणत होता आणि दारात सदऱ्याचं माप द्यायला आलेला वारलू पाटील तसाच मागे फिरला. सुगंधाबाईनं ती गोष्ट विहिरीवर सांगितली, आणि त्या दिवशी विहिरीवर पाणी कमी भरलं गेलं.

पण हसता हसता तिचं बोलणं बदलायला लागलं. एकदा भाकर वाढताना म्हणाली, “इतकी पुस्तकं आणते, अन् एकही पसंत पडत नाई त्याले. काऊन, इचारलं का?”

“माह्यासाठीच करते तो. चांगलं काम भेटलं पाहिजे म्हणून जिवाचं रान करून राह्यला.”

“बोडीपलीकडं कधी गेले का तुमी एवढ्यात?”

“कायले जाऊ? वाचू का फिरू?” लटारू खेकसला. ती चुलीकडे वळली. लटारूनं थप्पीवरचं पुस्तक ओढलं. खरं सांगायचं तर ओढायचं नव्हतं ते, त्याखालचं ओढायचं होतं. पण भांडणाच्या भरात कोण पाहतो?

मंडई आठ-दहा दिवसांवर आली होती तेव्हाची दुपार. मंडळातला झाडू नावाचा नट दारात येऊन उभा राहिला. झाडू विनोदी काम करायचा आणि स्टेजच्या बाहेरही तो तसाच होता, साधा, सांगितलं तेवढं करणारा आणि कधीकधी तेही न करणारा. त्याच्या हातात गाठोडं होतं. त्यातून त्यानं जांभळी मखमल काढली, जरीची पट्टी काढली आणि मापासाठी म्हणून एक जुनं झंपर काढलं.

“लटारूभाऊ, हे मंडईच्या आधी शिवून पाहिजे.”

लटारूच्या हातातली कैची खाली पडली. मखमल! म्हणजे नाटक ठरलं! मुखरूनं शेवटी ठरवलं आणि आपल्याला चकित करायचं म्हणून मखमल पाठवली! त्यानं ते कापड गालाला लावलं, माणूस मेल्यावर स्वर्गात जाईल तसा त्याचा चेहरा झाला. “कोणतं ठरलं गा? ‘सरदाराची सून’ असन. मी मुखरूले म्हटलंच होतं...”

बोलता बोलता त्यानं झंपर मशीनवर पसरलं. आपल्या मापाचं झंपर कसं असतं हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. दरवर्षी तोच शिवायचा, पाठ रुंद, बाही सैल, म्हणजे दंड दिसू नये. पुढे कापूस भरायला आतून कप्पा. हे झंपर पाठीला एवढंसं होतं. बाही घट्ट. कप्पा नाही. काखेत घामाचा डाग, आणि कपड्याला पावडरचा वास.

“हे कोणाचं माप आहे?”

“तिचंच.”

“कोणाचं तिचं?”

“नागपूरची बाई. नाटकात काम करते ते,” झाडू म्हणाला. “मुखरूभाऊनं ठरवली. मंडईच्या आदल्या दिवशी येते म्हणे. मुखरूभाऊ म्हणे कापड वडशाच्या शिंप्याले दे. मी म्हटलं, घरचा शिंपी इथी असून वडशाले काऊन जाऊ? सायकलही पंक्चर आहे.”

लटारूनं झंपर उलटं करून पुन्हा पाहिलं. मग त्यानं विचारलं, “नाटक कोणतं?”

“उंबरठ्याची आण. तालीम कधीची चालू आहे, बोडीपलीकडच्या गुरांच्या कोठ्यात. तुले नाई माहीत?” झाडूला खरंच नवल वाटलं. “मुखरूभाऊ म्हणे, त्याले बोलावू नका, त्याच्यापाशी वाचाले लय पुस्तकं आहेत. पुस्तकं आहेत तोवर तो उठत नाई.”

असं आहे पाहा. माणसाला मारायचं तर सरळ मारावं की नाही? लटारूनं मखमल घडी केली, तिची टोकं जुळवली, जरीची पट्टी त्यात ठेवली. त्याचे हात नेहमीसारखेच चालत होते. गाठोडं काखेत मारून तो बाहेर पडला, आणि झाडू त्याच्यामागून “अगा, माप तं लिहून घे” म्हणत चालला.

कोठ्यात सगळे होते. गुणवंतराव खाटेवर, पेटीवाला कोपऱ्यात. मधे एक खांब होता, आणि त्या खांबासमोर मुखरू हात जोडून उभा होता. कुमुदिनीच्या जागी खांब! बाई येईपर्यंत तेवढंच. मुखरू त्या लाकडाला आर्जवानं म्हणत होता, “आत ये, कुमुदिनी. हे घर तुझंच आहे. मी तुझा अपराधी आहे.”

दारात उभ्या लटारूच्या ओठावर कुमुदिनीचं उत्तर आलं. अख्खं आलं. एकदाच वाचलं होतं त्यानं ते पुस्तक, पण काय करणार? ते त्यानं गिळलं.

पेटी थांबली. मुखरूनं वळून पाहिलं आणि त्याचे जोडलेले हात तसेच राहिले.

“ये लटारू, बस,” गुणवंतराव म्हणाले.

“बसाले नाई आलो, मालक.” लटारू मुखरूकडे पाहत होता. “कधीपासून?”

मुखरूनं घसा साफ केला. “पलीकडच्या गावानं बाई उभी केली मागच्या साली. तू पाह्यलं ना? आपले अर्धे लोक नाटकातून उठून तिकडं गेले. लोकाइले बाई पाहिजे, गा. मी काय करू?”

“ते मी नाई इचारलं. मले काऊन नाई सांगितलं? मी आडवा आलो असतो का? मंडळापेक्षा मी मोठा नाई, एवढं मले समजत नाई का?”

“सांगणारच होतो.” मुखरूचा तो मोठा आवाज कुठे गेला होता कोणास ठाऊक. “वडशाहून निघताना दरवेळी ठरवतो, आज सांगतो. तुह्या दारात आलो की तू इचारते, ‘काय आणलं गा?’ तुहं तोंड पाह्यलं की बोलणं होत नाई. मंग पुस्तक काढून देतो.”

“म्हणजे एवढी सारी पुस्तकं आणली, अन् एवढ्या साऱ्या वेळा खोटं बोलला.”

“खोटं नाई. पुस्तकं खरीच होती,” मुखरू म्हणाला, आणि मागे कोणीतरी फिस्सकन हसलं.

त्या हसण्यानं लटारूच्या अंगाची लाही लाही झाली. मंडळ हसतं! ज्या मंडळासाठी त्यानं मिशी ठेवली नाही, गावोगावच्या टवाळांची बोलणी खाल्ली, ते मंडळ! गुणवंतरावांना वाटलं आपण मधे पडावं. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, “हे पाह्य लटारू, तू रागावू नको. तू प्रॉम्प्टर हो. नाटक तुले तोंडपाठ. बाई नवीन आहे, पडद्याआडून तिले एकेक वाक्य दे. तिचं कामही तुह्यासारखंच होईन.”

“म्हणजे बोलन मी, अन् दिसन ते बाई.”

“तसंच समज.”

“गळा कापाचा असन तं कापा, मालक,” लटारू म्हणाला. “पण कैची माह्याचकडून मागू नका.”

गाठोडं त्यानं खांबाच्या बुडाशी ठेवलं आणि तो निघाला. मुखरू दोन पावलं मागे आला, “लटारू, ऐक तं...” लटारूनं मागे पाहिलं नाही. नाटकात या मुखरूनं त्याला किती वेळा दगा दिला होता! विष पाजलं होतं, रानात सोडलं होतं, सवत आणली होती. दरवेळी लटारू धाय मोकलून रडला होता. आज डोळ्यांत टिपूस आलं नाही. नुसता संताप होता, आणि लाज होती, आपण मूर्खासारखे पुस्तकं चाळत बसलो याची. बोडीच्या पाळीवरून घरी येईपर्यंत तो दोनदा रस्त्यावर थुंकला.

“तुले माहीत होतं?” घरात पाय टाकताच त्यानं सुगंधाबाईला विचारलं.

तिनं पदराला हात पुसले. “बायकांत बोलणं चालू होतं. मले वाटलं तुमालेही ठाऊक आहे, अन् दुःख नको म्हणून पुस्तकात तोंड खुपसून बसले. एकदोनदा काढून पाह्यलं, तं तुमी अंगावर आले.”

“सगळ्या गावाले माहीत होतं.”

“हो,” ती म्हणाली. “जाळू का ही पुस्तकं? चूल पेटलीच आहे.”

“नको. पुस्तकाचा काय दोष?”

त्यानंतर तो मुखरूशी बोलला नाही. मुखरू दोनदा दारावरून गेला, एकदा उभाही राहिला, पण मशीनचा आवाज थांबला नाही म्हणून पुढे गेला. मखमलीचं झंपर वडशालाच शिवलं असावं. नागपूरची बाई आली, तिला पाहायला पोट्टे गुणवंतरावांच्या दारात जमले. ती देखणी होती म्हणतात, आणि बिचारीला यातलं काही माहीत नव्हतं.

मंडईचा दिवस उजाडला. दुपारपासून बाहेरगावच्या बैलबंड्या यायला लागल्या, ढोल वाजायला लागले. सगळं शिवणकाम दिवाळीलाच आटोपलं होतं, तेव्हा लटारूला काम नव्हतं. सुगंधाबाईच्या बहिणी आल्या होत्या. त्या नाटकाला जायच्या गोष्टी करायच्या आणि लटारू दिसला की गप्प व्हायच्या. शेवटी तोच म्हणाला, “जा सगळ्या. मी नाई म्हटलं का?”

मग तो थप्पीसमोर बसला. आता घाई नव्हती. तालीम नव्हती, कोणाला गोष्ट सांगायची नव्हती, नायिकेचं काम किती आहे ते मोजायचं नव्हतं. आजवर इतकी नाटकं वाचली ती मंडळासाठी. एक तरी आपल्यासाठी वाचू, असं त्यानं ठरवलं. कोणतं घेऊ? बराच वेळ त्यानं एकेकावर हात फिरवला. मग न वाचलेल्यातलं ‘तलवार आणि तुळस’ काढलं, पहिल्या पानापासून नीट वाचायला घेतलं. नायक आला, “प्रिये” म्हणाला, आणि लटारूनं पुस्तक मिटलं.

दुसरं काढलं. त्यात नायक गरीब शाळामास्तर होता. तो बोलायला लागला. लटारूनं तेही मिटलं. तिसऱ्यात नायक मरणाला टेकलेला म्हातारा राजा होता, निदान हा तरी वेगळा असेल असं वाटलं. राजानं तोंड उघडलं मात्र, तेही पुस्तक मिटलं. लाल पुठ्ठ्याचं पाहिलं, ‘सरदाराची सून’ पाहिलं, तळातली सगळी काढून पाहिली. सगळी पुस्तकं त्याच्याभोवती चटईवर पसरली होती.

सुगंधाबाई नवं लुगडं नेसून बाहेर आली आणि तो पसारा पाहून थबकली. “कोणतं वाचून राह्यले?” तिनं विचारलं.

“कोणतंच नाई,” लटारू म्हणाला. “कोणतंही उघडलं, तं त्याच्यात मुखरूच बोलते.”